फोर प्लस वन: वर्ष वाचतं की सेमिस्टर?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहात. पाच सेमिस्टर झालीत, आधीची काही क्रेडिट्स मान्य होऊन ८४ क्रेडिट्स हातात आहेत, जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ३.४ आहे आणि मेरिट स्कॉलरशिप आठ सेमिस्टरपुरती आहे. विभागाचा मेल आला, की बॅचलर्स आणि मास्टर्सच्या एकत्रित कार्यक्रमाला, म्हणजे सगळे ज्याला ‘फोर प्लस वन’ म्हणतात त्याला, तुम्ही अर्ज करू शकता. तुम्ही विचारलंत: एक वर्ष आणि बराच पैसा वाचतोय, तर घ्यावं का?

मी चौदा वर्षं अशाच एका विद्यापीठात अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायझर आहे आणि यातला बराच काळ एकत्रित कार्यक्रमाच्या फायली माझ्याच टेबलावर आल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, ‘घ्यावं का’ या प्रश्नाचं उत्तर ‘वर्ष वाचतं का’ यावरून मिळत नाही. ते दोन गोष्टींवरून मिळतं. कोणती क्रेडिट्स दोन्ही पदव्यांकडे धरली जाणार, आणि कोणत्या दिवशी विद्यापीठाच्या नोंदीत तुम्ही अंडरग्रॅड, म्हणजे बॅचलर्सचे विद्यार्थी, राहत नाही. स्कॉलरशिप, फी, व्हिसा, नोकरी हे सगळं या दोन गोष्टींना बांधलेलं असतं.

आधी हिशेब करू, कारण मेलमधला ‘एक वर्ष’ हा शब्द तपासून बघायलाच हवा. बॅचलर्सला किमान १२० क्रेडिट्स लागतात, मास्टर्सला साधारण ३०. दोन्ही वेगवेगळं केलं तर १५०. एकत्रित कार्यक्रमात काही क्रेडिट्स दोन्हीकडे मोजली जातात. बहुतेक ठिकाणी ही मर्यादा ९ किंवा १२ असते. तुमच्याकडे १२ आहे असं धरू. तुमची बॅचलर्सची ३६ राहिली आहेत, म्हणजे तीन सेमिस्टर, प्रत्येकी १२. त्यातल्या शेवटच्या दोन सेमिस्टरमध्ये दोन-दोन असे चार ग्रॅड (म्हणजे मास्टर्स पातळीचे) कोर्स घेतलेत, तर पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात १२० पूर्ण होतील आणि मास्टर्सच्या ३० पैकी १२ तेव्हाच झालेली असतील. उरली १८. ग्रॅड पातळीवर ९ क्रेडिट्स म्हणजे बहुतेक ठिकाणी फुल टाइम, त्यामुळे ९ आणि ९, दोन सेमिस्टर.

आता एकत्रित कार्यक्रमाशिवाय मास्टर्स केलं तर? ३० क्रेडिट्स म्हणजे ९, ९ आणि १२, तीन सेमिस्टर. वाचलं ते एक सेमिस्टर. ‘वर्ष वाचतं’ हे दोन वर्षांच्या मास्टर्सशी तुलना केली तरच खरं ठरतं. एक सेमिस्टरसुद्धा थोडं नाही, त्याची फी आणि राहण्याचा खर्च मोठा असतो. पण निर्णय घेताना आकडा खरा हवा.

पैशाच्या बाजूने तुमचा खरा फायदा दुसरीकडे आहे. ते चार ग्रॅड कोर्स तुम्ही अंडरग्रॅड असताना घेणार, म्हणजे अंडरग्रॅडच्या फी-दराने आणि स्कॉलरशिप चालू असताना. मास्टर्सची १२ क्रेडिट्स तुमच्या आठ सेमिस्टरच्या आतच बसतात. मात्र नववं सेमिस्टर सुरू झालं की ती स्कॉलरशिप संपलेली असेल, आणि बहुतेक अंडरग्रॅड स्कॉलरशिप ग्रॅड विद्यार्थ्याला लागूच होत नाहीत. पाचव्या वर्षाचा खर्च पूर्ण तुमच्यावर आहे असं समजूनच घरी बोला. टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप मिळेल या भरवशावर तर अजिबात राहू नका. अशा कार्यक्रमातल्या विद्यार्थ्यांना पुष्कळ विभाग ती देत नाहीत, आणि जे देतात ते पीएच.डी.च्या मुलांना आधी देतात.

नियमावलीत एक फरक नीट वाचा. काही ठिकाणी क्रेडिट ‘शेअर’ होतं, म्हणजे एकच कोर्स दोन्ही पदव्यांत धरला जातो. काही ठिकाणी ते ‘रिझर्व्ह’ होतं: तुम्ही चौथ्या वर्षी ग्रॅड कोर्स घेता, पण तो बॅचलर्सच्या १२० मध्ये मोजत नाहीत, फक्त मास्टर्ससाठी बाजूला ठेवतात. दुसऱ्या प्रकारात एकूण क्रेडिट्स कमी होत नाहीत, फक्त काही लवकर उरकतात. माहितीपत्रकात दोन्हींचं वर्णन जवळजवळ सारखंच दिसतं. काही विद्यापीठं दोन्ही प्रकार एकत्र देतात, सहा शेअर आणि सहा रिझर्व्ह असं. तुमच्याकडे यातलं काय आहे यावर वरचा सगळा हिशेब उभा आहे.

शेअर होणाऱ्या कोर्सची दुसरी अट ग्रेडची. बॅचलर्सकडे ‘सी’सुद्धा चालतो, पण मास्टर्सकडे धरायचं तर सहसा किमान ‘बी’ लागतो. एक उदाहरण डोळ्यासमोर आहे. एका विद्यार्थ्याने आठव्या सेमिस्टरमध्ये ग्रॅड पातळीचा अल्गोरिदमचा कोर्स घेतला आणि ‘बी मायनस’ मिळवला. बॅचलर्सला काही अडचण नव्हती, पदवी वेळेवर मिळाली. जून महिन्यात आम्ही मास्टर्सचं डिग्री ऑडिट, म्हणजे पदवीच्या अटींचा तपासणी-तक्ता, उघडलं तेव्हा त्या ओळीपुढे क्रेडिट होतं शून्य. १२ ऐवजी ९ शेअर झाली, १८ ऐवजी २१ उरली, आणि त्याला एक कोर्स उन्हाळ्यात घ्यावा लागला, तोही ग्रॅड दराने. तो कोर्स पुन्हा घेऊन ग्रेड सुधारता येईल का, असं त्याने विचारलं. पण तो बॅचलर्समध्ये धरून पदवी दिलेली होती. ते पान बंद झालं होतं.

त्यामुळे चार ग्रॅड कोर्समधले सर्वांत कठीण दोन एकाच सेमिस्टरमध्ये टाकू नका. सातव्या सेमिस्टरमध्ये एक अवघड आणि एक हात बसलेल्या विषयाचा, आठव्यातही तसंच. आणि शेवटच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टचा भार कमी लेखू नका. चौथ्या वर्षाचे ‘बी मायनस’ मी सर्वांत जास्त तिथेच पाहिले आहेत.

आणखी दोन ठिकाणी मुलं नेमाने अडकतात. पहिलं, एकच वर्ग दोन क्रमांकांनी चालतो: ४०० च्या मालिकेत अंडरग्रॅडसाठी आणि ५०० च्या मालिकेत ग्रॅडसाठी. खोली तीच, प्राध्यापक तेच, ५०० वाल्यांना एखादा पेपर किंवा प्रोजेक्ट जास्त. तुम्ही ४०० ने नाव नोंदवलंत तर तो कोर्स मास्टर्सकडे धरला जात नाही, आणि एकदा ४०० ने केला की तोच विषय ५०० ने पुन्हा घेता येत नाही. मास्टर्सच्या यादीतला एक पर्याय कायमचा जातो. दुसरं, प्रवेश मिळण्याआधी घेतलेला ग्रॅड कोर्स पुष्कळ ठिकाणी शेअर करायला मान्यच करत नाहीत. या सेमिस्टरला तुम्ही असा एखादा कोर्स घेत असाल, तर तो चालेल की नाही हे आत्ताच विचारा.

आता ओळख बदलण्याचा, म्हणजे नोंदीत अंडरग्रॅडचे ग्रॅड होण्याचा मुद्दा. तुमच्यासाठी हा सर्वांत महत्त्वाचा, म्हणून इथे जरा थांबतो.

एकत्रित कार्यक्रमांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एकात १२० क्रेडिट्स झाली की बॅचलर्सची पदवी देऊन टाकतात आणि पुढच्या सेमिस्टरपासून तुम्ही ग्रॅड विद्यार्थी. दुसऱ्यात दोन्ही पदव्या शेवटी एकाच वेळी देतात. मधल्या काळात तुम्ही १२० ओलांडलेले असता, पण हातात पदवी नसते. काही ठिकाणी १२० ओलांडताच फीचा दर ग्रॅडचा होतो, पदवी मात्र मागाहून मिळते. एखादं वाक्य वाचून यातलं कोणतं लागू आहे हे कळेलच असं नाही. ‘पदवी कधी दिली जाते’ आणि ‘विद्यार्थ्याचा दर्जा कधी बदलतो’ हे दोन स्वतंत्र प्रश्न म्हणून विचारा.

व्हिसावर असलेल्या विद्यार्थ्याला हे का लागतं, तर ओपीटीमुळे, म्हणजे आपल्या विषयात ठरावीक काळ नोकरी करण्याच्या परवानगीमुळे. एफ-१ वर शिक्षणाच्या प्रत्येक वरच्या पातळीला १२ महिन्यांचं ओपीटी मिळू शकतं. तुमचा विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे, त्यामुळे वर २४ महिन्यांची मुदतवाढ शक्य असते, आणि ही मुदतवाढ आयुष्यात दोनदा घेता येते, दुसऱ्यांदा वरच्या पातळीच्या पदवीवर. म्हणजे बॅचलर्स, मग नोकरी, मग मास्टर्स, मग पुन्हा नोकरी या रस्त्याने जाणाऱ्याला कागदावर ३६ अधिक ३६ महिने दिसतात. फोर प्लस वनमध्ये तुम्ही बॅचलर्सवरून सरळ मास्टर्समध्ये जाता. बॅचलर्सच्या ओपीटीचा अर्ज कार्यक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंतच करता येतो. ती मुदत गेली की त्या पातळीची संधी गेली. आणि ओपीटी मिळालेलं असताना पुढच्या पातळीचं शिक्षण सुरू केलंत, तर ते आपोआप संपतं. दोन्ही पदव्या एकदम देणाऱ्या प्रकारात तर मध्ये थांबून नोकरी करण्याचा टप्पाच नसतो.

तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसाबद्दलही विचारलं आहे, म्हणून तेही इथेच. वर्षाला ६५,००० चा सर्वसाधारण कोटा आणि अमेरिकेतून मास्टर्स किंवा त्यावरची पदवी असणाऱ्यांसाठी आणखी २०,००० हे खरं आहे. पण त्या २०,००० मध्ये गणना व्हायला अर्ज दाखल होण्याच्या वेळी मास्टर्सच्या अटी पूर्ण झालेल्या असाव्या लागतात, आणि पदवी सार्वजनिक किंवा ना-नफा तत्त्वावरच्या मान्यताप्राप्त संस्थेची असावी लागते. मास्टर्स लवकर पूर्ण झालं तर त्या कोट्यात लवकर जाता येतं, ही फोर प्लस वनची जमेची बाजू. बॅचलर्सनंतर मिळू शकणारे नोकरीचे महिने सोडावे लागतात, ही दुसरी बाजू. यातली कुठली जड, हे तुमच्या हातात चौथ्या वर्षी नोकरीची ऑफर असेल की नाही यावर ठरतं, आणि ते आज कुणालाच सांगता येणार नाही. या नियमांमध्ये बदलही होत असतात, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओंचा, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसाचे कागद बघणाऱ्या अधिकाऱ्यांचा. माझ्यासारखा अ‍ॅडव्हायझर क्रेडिट सांगू शकतो. व्हिसाच्या कागदांवर सही त्यांची असते.

म्हणूनच मी प्रत्येक विद्यार्थ्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायला लावतो: मध्येच बाहेर पडायचं झालं तर बॅचलर्सची पदवी वेगळी मिळते का, आणि किती दिवसांत?

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी होती. तिच्या कार्यक्रमात दोन्ही पदव्या शेवटी एकत्र देत असत. साडेचार वर्षं झाली होती, १३० च्या आसपास क्रेडिट्स होती आणि तिला हवी तशी नोकरी चालून आली. कंपनीने पार्श्वभूमी तपासली, तर नोंदीत पदवी शून्य. सगळा अभ्यास झालेला, आणि कागदावर ती कॉलेजात शिकणारी मुलगी. एकत्रित कार्यक्रमातून नाव काढण्याचा अर्ज, विभागाची सही, ग्रॅड स्कूलची सही, रजिस्ट्रारकडे कोड बदलणं, डिग्री ऑडिट नव्याने चालवणं, हे सगळं झालं. पण पदव्या वर्षातून ठरावीक तारखांनाच दिल्या जातात, आणि त्या सेमिस्टरची अर्जाची तारीख उलटून गेली होती. मी तिच्यासाठी ‘सर्व अटी पूर्ण, पदवी अमुक तारखेला दिली जाईल’ असं पत्र रजिस्ट्रारकडून मिळवलं. कंपनीने ते मान्य केलं म्हणून निभावलं. ते पत्र हातात येईपर्यंत ती रोज दुपारी माझ्या दारात येऊन उभी राहायची. कार्यक्रमात शिरतानाच हा प्रश्न तिला विचारायला लावायला हवा होता, आणि ते काम माझं होतं. त्यानंतर मी तो कधीच वगळलेला नाही.

बाहेर पडण्याची आणखी एक किंमत असते. बॅचलर्समध्ये धरलेली ग्रॅड क्रेडिट्स दुसरं विद्यापीठ मास्टर्ससाठी सहसा घेत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ती एका पदवीत वापरून झाली. शेअर केलेल्या कोर्सचा फायदा त्याच विद्यापीठाच्या भिंतींच्या आत असतो. पुढे दुसरीकडे मास्टर्सला गेलात तर ३० पासून सुरुवात, असंच धरून चाला.

ज्यांना पीएच.डी. करायची आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. इथे पीएच.डी.ला बॅचलर्सनंतर थेट प्रवेश मिळतो, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विभागांत सहसा फी माफी आणि स्टायपेंडही असतो. फोर प्लस वनमधली बरीच मास्टर्स कोर्सेसवर आधारलेली असतात, थिसिस नसतो. शोधनिबंध आणि प्राध्यापकांची भक्कम शिफारसपत्रं हवी असतील, तर चौथं वर्ष चार ग्रॅड कोर्समध्ये घालवण्यापेक्षा एखाद्या प्रयोगशाळेत घालवा. तुमच्या प्रश्नात पीएच.डी.चा उल्लेख नाही, पण मनात असेल तर माझं मत बदलेल.

हे वाचणाऱ्यांत अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्ड असलेल्या मुलांचे पालकही असतील. त्यांच्यासाठी ओळख बदलण्याची तारीख वेगळ्या कारणाने महत्त्वाची. पेल ग्रँट ही केंद्र सरकारची मदत पहिली बॅचलर्स मिळेपर्यंतच असते आणि तिची आयुष्यभराची मर्यादा सुमारे १२ सेमिस्टर आहे. ग्रॅड झाल्यावर सबसिडी असलेलं केंद्र सरकारचं कर्ज मिळत नाही. २०१२ पासून ते बंद आहे. सबसिडीविना कर्जाची वार्षिक मर्यादा २०,५०० डॉलर. उलट एफएएफएसए, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, भरताना ग्रॅड विद्यार्थी स्वतंत्र धरला जातो, आईवडिलांचं उत्पन्न त्यात येत नाही. पदवी शेवटी देणाऱ्या कार्यक्रमात मूल कोणत्या सेमिस्टरपर्यंत अंडरग्रॅड धरलं जाईल, हे फायनान्शियल एड ऑफिसला विचारा, विभागाला नको. विभागाला ते बहुधा माहीत नसतं.

आता तुमच्याकडे परत. जीपीए ३.४ आहे, आणि अशा कार्यक्रमांची अट साधारण ३.० ते ३.५ च्या मध्ये कुठेतरी असते. तुमच्या विभागाची ३.३ असेल तर प्रवेश मिळेल, पण एक वाईट सेमिस्टर सहन होईल एवढंच अंतर आहे. तुमच्या जागी मी असतो तर अर्ज केला असता. अर्ज केल्याने काही गमावत नाही, आणि आपल्याच विद्यार्थ्यांना पुष्कळ विभाग जीआरई ही प्रवेशपरीक्षा माफ करतात. पण बॅचलर्सची पदवी आठव्या सेमिस्टरला वेगळी मिळत असेल तरच प्रवेश स्वीकारला असता. दोन्ही पदव्या एकत्र शेवटी मिळणार असतील आणि स्कॉलरशिप आठव्यालाच संपणार असेल, तर नववं आणि दहावं सेमिस्टर तुम्ही पूर्ण फी भरून, पदवी हातात नसताना काढणार. ती जोखीम मला तुमच्यासाठी जड वाटते.

प्रवेश स्वीकारण्याआधी विभागाच्या ग्रॅड को-ऑर्डिनेटरना मेल लिहा, तोंडी विचारू नका. माणसं बदलतात, आणि दोन वर्षांनी तुमच्या बाजूने बोलतो तो मेलच. त्यात विचारा: किती क्रेडिट्स शेअर होतात आणि किती रिझर्व्ह, किमान ग्रेड काय, सध्या घेत असलेला कोर्स धरला जाईल का, पदवी कधी दिली जाते आणि दर्जा कधी बदलतो, बाहेर पडल्यास बॅचलर्स कशी मिळते, आणि मास्टर्सची सुरुवात एक वर्ष पुढे ढकलता येते का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर तुमचं चित्र बरंच बदलतं, कारण मग बॅचलर्सच्या ओपीटीवर वर्षभर नोकरी करून परत येण्याची वाट उघडी राहते. काही ठिकाणी हे चालतं, काही ठिकाणी लगेचच्या सेमिस्टरला सुरू केलं नाही तर जागा जाते आणि शेअर केलेली क्रेडिट्सही. उत्तर आलं की त्याची प्रत डीएसओंना पाठवा आणि पुढच्या वर्षीच्या जानेवारीत त्यांची वेळ घ्या. मे महिन्यात बॅचलर्स संपणार असेल तर ९० दिवसांची खिडकी फेब्रुवारीतच उघडते. आणि या सेमिस्टरच्या नोंदणीत ५०० चा एखादा कोर्स ४०० ने घेतला गेला असेल, तर अ‍ॅड-ड्रॉपची मुदत संपायच्या आत तो बदलता येतो का, हे आजच बघा.